टॉमस पेलचं मधलं नाव

हॅम्बर्गच्या सरकारी दप्तरात अडतीस वर्षांपूर्वी माझं नाव चुकलं ते अजून चुकलेलंच आहे. इथल्या फॉर्मवर पहिली नावं आणि आडनाव एवढेच दोन रकाने असतात, मधल्या नावाची सोय नसते. पासपोर्टात 'मंजिरी श्रीकांत' असं पाहून खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही नावं माझीच धरली. त्यातलं बाईचं कुठलं आणि पुरुषाचं कुठलं, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. तेव्हापासून विम्याची पत्रं 'श्रीयुत श्रीकांत देवस्थळी' यांना येतात आणि ती माझी असतात. दाताच्या डॉक्टरकडे 'हेर देवस्थळी', म्हणजे श्रीयुत देवस्थळी, अशी हाक आली की मी उठते. आमचे हे म्हणतात, "माझ्या नावावर दाढा काढून घेणारी बायको मिळायला भाग्य लागतं."

सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावून सांगायची. आमच्याकडे मधलं नाव आपलं नसतं हो, लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं. ऐकणारा मान डोलवायचा आणि होतं तेच लिहायचा. शेवटी मी नाद सोडला. या अंकाच्या संपादक बाईंनी 'तुमच्या कामातल्या गमती लिहा' म्हणून सांगितलं आहे आणि मी हे काय लावलंय, असं वाटेल. पण माझ्या तीस वर्षांच्या कामातली सगळ्यात मोठी चूक या मधल्या नावापायीच झाली. आणि ती कुठल्या जर्मन कारकुनाने केली नाही, मी केली.

माझं काम लोकांचे पूर्वज शोधून देण्याचं. ते माझ्याकडे आलं कसं, हे थोडक्यात सांगते. माझे मोठे काका पुण्यात जमिनीच्या दाव्यांसाठी मोडी कागद वाचून द्यायचे. मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यांच्याजवळ बसून मोडी शिकले. लग्न होऊन इथे आल्यावर ह्यांची नोकरी बंदरातल्या क्रेन बनवणाऱ्या कंपनीत, मुलगा बालवाडीत आणि मी घरात. वेळ जावा म्हणून प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात जुनी जर्मन लिपी शिकायला गेले. तिला कुरेंट म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीचे जर्मन ज्या अक्षरात लिहायचे, ते आजच्या जर्मनांना ओ की ठो कळत नाही. वर्गातली मंडळी रडकुंडीला यायची. मला विशेष काही वाटलं नाही. हात न उचलता लिहिलेल्या मोडीच्या ओळींवर ज्याचे डोळे तयार झालेत, त्याला अक्षर नव्हे तर लिहिणाऱ्याचा हात वाचायची सवय असते. शिकवणाऱ्या बाईंनीच मला कुळशोधाच्या एका छोट्या कार्यालयात पाठवलं. पुढे ते बंद पडलं आणि मी एकटीच काम करत राहिले.

या कामाचे नियम सोपे आहेत. जिवंत माणसापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. मधली पायरी गाळायची नाही. नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही. वय, गाव, धंदा आणि आणखी एखादी खूण जुळली पाहिजे. आणि ज्याच्यावर बोट ठेवलं, त्याचे कागद त्याच्या मृत्यूपर्यंत वाचायचे, कारण मेलेला माणूस पुढे लग्न करत नाही. हे शेवटचं मी नवशिक्यांना सांगायची आणि ते हसायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. हेर्त्सोगेनआउराखच्या एका बाईंना खात्री होती की त्या कुठल्यातरी सरदार घराण्यातल्या आहेत. मी नऊ पिढ्या शोधून दिल्या, नऊच्या नऊ चांभार. बाईंनी अहवाल परत पाठवला, पाकीट न फोडल्यासारखं पुन्हा चिकटवून. त्यांच्या गावात आता जगभराचे बूट तयार होतात, म्हणजे घराणं मूळचं मानकरीच की, असं मला लिहावंसं वाटलं होतं, पण धीर झाला नाही. एकदा म्युनिकहून पुण्याच्या एका आयटीतल्या मुलाचा फोन आला. जर्मन मुलीशी लग्न ठरलं होतं. "मावशी, सासऱ्यांनी त्यांच्याकडची तीनशे वर्षांची वंशावळ छापलीय हो, आणि मला पणजोबांच्या पलीकडे काही माहीत नाही. तुम्ही काहीतरी जुळवून द्या ना!" मी म्हटलं, "जुळवून देणारे वेगळे, मी शोधून देणारी." मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. तेव्हा बेन्के माझ्याकडे यायचे होते.

हेर बेन्के मला भेटले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभर हॅम्बर्गच्या बंदरावर हमाली केलेला माणूस. पोती, पेट्या, नंतर कंटेनर. युनियनमध्येही तितकीच वर्षं. बंदराजवळच्या फेडेल वस्तीत, जुन्या विटांच्या इमारतीत राहायचे. त्यांची नात जाना, तिशीतली, शाळेत शिकवते, तिने मला बोलावलं होतं. दारातच त्यांनी "मॉइन" म्हणून हात पुढे केला. त्या हातात माझा हात दिसेनासा झाला.

टेबलावर एक व्हेल माशाचा दात ठेवलेला होता, कोरून जहाज काढलेला. तो बेन्केंच्या आईच्या आजोबांच्या वडिलांचा, ते टॉमस पेल नावाचे इंग्रज होते. राजाने त्यांना जहाजात घालून पृथ्वीच्या टोकाला धाडलं होतं, एवढंच घरात बोललं जायचं. कशासाठी धाडलं, ते कुणी सांगत नसे.

"मरायच्या आत मला ते 'कशासाठी' कळायला हवं," बेन्के म्हणाले. "बाकी तुमच्या पिढ्याबिढ्या राहू द्या."

"काही वाईटही निघू शकतं," मी म्हटलं. हे मी सगळ्यांनाच आधी सांगते.

"निघू दे. बंदरावर आम्ही काय साधुसंत होतो? मालकाचं कॉफीचं पोतं कधीकधी आपोआप फाटायचं. हो, फाटायचं! त्याचं काही नाही. पण सोबत काम करणाऱ्याच्या कपाटाला हात लावला, तर तो माणूस संपला."

मग मी नेहमीप्रमाणे घरची माणसं लिहून घेऊ लागले. भाऊ-बहीण? "नाही," ते म्हणाले. जाना हळूच म्हणाली, "ओपा, हाइन्त्स." ओपा म्हणजे आजोबा. ओपा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही म्हटलं ना."

जिन्यात जानाने मला सांगितलं. हाइन्त्स हा त्यांचा सहा वर्षांनी लहान भाऊ. वडील युद्धावरून परत आलेच नाहीत, म्हणून यांनीच त्याला वाढवलं, बंदरावर चिकटवलं. चोवीस वर्षांचा असताना त्याने सोबतच्या एका कामगाराच्या कपाटातून घड्याळ उचललं. बेन्केंना कळलं आणि त्यांनीच सगळ्यांसमोर त्याचा खिसा उलटा केला. हाइन्त्सचं काम गेलं, तो शहर सोडून गेला. त्यानंतर दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आईच्या अंत्यविधीला दोघे चर्चच्या दोन टोकांना उभे होते.

मी ते वहीत लिहिलं नाही. पण लक्षात राहिलं.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. पण इंग्रज सरकार त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याच गोऱ्या माणसांना जहाजं भरभरून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पाठवत होतं. आज ज्याला टास्मानिया म्हणतात, त्या बेटावर कैदी उतरला की कारकून त्याला उभा करून सगळं लिहून घ्यायचा. उंची, केसांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण, गुन्हा त्याच्याच तोंडून, आणि घरी मागे कोण कोण आहे. पुढची सगळी वर्षं त्याच पानावर त्याच्या शिक्षा आणि सुटका लिहिल्या जायच्या. पान भरलं की नोंद दुसऱ्या वहीत सरकायची. इतकं बारीक वर्णन त्या काळच्या साध्यासुध्या माणसाचं कुठेच सापडत नाही. आपण ज्यांना काही किंमत देत नाही, त्यांचेच कागद सगळ्यात नीट ठेवतो. त्या वह्यांची पानं आता घरबसल्या बघता येतात.

हॅम्बर्गच्या लग्ननोंदीत मला तो सापडला: टॉमस हेन्री पेल, शिडं शिवणारा, जन्म इंग्लंड, अलीकडचा मुक्काम त्याच बेटावर. वडिलांच्या नावाच्या जागी कारकुनाने नुसती आडवी रेघ ओढली होती. मग मी बेटावरच्या वह्या उघडल्या. तिथे टॉमस पेल दोन निघाले, वेगवेगळ्या जहाजांतून आलेले. मधली नावं त्या वहीत बहुधा लिहीत नसत, दोघांचीही नव्हती. पहिल्यापुढे लिहिलं होतं, 'वडील हेन्री, गावी'. दुसऱ्यापुढे, 'आई ॲन, लंडनात'.

मी पहिल्यावर बोट ठेवलं.

टॉमस हेन्री, म्हणजे हेन्रीचा टॉमस. हा विचार मी केलासुद्धा नाही, तो आपोआप झाला. जन्मभर ज्या भाषेत नावं ऐकली, तिच्यात मधलं नाव बापाचंच असतं. इंग्रजांमध्ये ते कुणाचंही असू शकतं, मामाचं, राजाचं, नाहीतर आईला आवडलं म्हणून ठेवलेलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर उत्तर दिलं असतं.

आणि खरं सांगायचं तर तो पहिला टॉमस मला आवडलाही होता. शेतमजूर. शिडं शिवायला तो पुढे जहाजावर शिकला असेल, असं मीच धरून टाकलं. मळणीची यंत्रं आली, मजुरी बुडाली, तेव्हा गावातल्या वीस-पंचवीस जणांनी मिळून यंत्रं फोडली, त्यातला हा एक. गुन्ह्याच्या जागी त्याने सांगितलेलं तसंच लिहिलं होतं: 'यंत्र फोडलं, मजुरीसाठी.' आयुष्य युनियनमध्ये घालवलेल्या म्हाताऱ्याला याहून चांगला पूर्वज मी कुठून आणणार होते? इतकं छान जुळत होतं की मी पुढची वही उघडलीच नाही. नवशिक्यांना हसवणारा माझा नियम मीच मोडला.

अहवाल वाचून दाखवला तेव्हा बेन्के टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! मला वाटलंच होतं." डोळ्यांत पाणी होतं. यंत्र फोडणाऱ्या टॉमसचं पान त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं. युनियनच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. मला दर नाताळला कार्ड यायचं, 'यंत्रफोड्याच्या वंशजाकडून'. मी ते फडताळावर ठेवायची. आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं?

तीन वर्षांनी बेन्के वृद्धाश्रमात गेले, इथे आल्टेनहाइम म्हणतात त्यात. घर आवरताना जानाला बेन्केंच्या आईच्या जुन्या फोटोच्या मागे एक पिवळा कागद सापडला. तिने मोठ्या उत्साहाने मला त्याचा फोटो पाठवला. 'अहवालात जोडाल ना?' तो हॅम्बर्गच्या पोलिसांनी परदेशी टॉमस पेलला दिलेला राहण्याचा परवाना होता. विशेष खुणा: डाव्या करंगळीची दोन पेरं नाहीत.

माझ्या टॉमसच्या पानावर करंगळीबद्दल अवाक्षर नव्हतं. ते मला पाठ होतं, तरी मी पान उघडलं. मग दुसऱ्या टॉमसचं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, डाव्या करंगळीची दोन पेरं नाहीत. मग, जे तीन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. पुढची वही उघडली. यंत्र फोडणारा टॉमस बेटावरच्या इस्पितळात वारला होता, हॅम्बर्गमधल्या लग्नाच्या कितीतरी वर्षं आधी. बायको नाही, मूल नाही. पुढे लंडनच्या एका चर्चच्या वहीत दुसऱ्याचा बाप्तिस्माही सापडला. टॉमस हेन्री, वडील विल्यम, आई ॲन. हेन्री बहुधा मामा.

मला स्वतःची लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

आणि दुसऱ्या टॉमसचा गुन्हा वाचून तर मी तिथेच बसून राहिले. सतरा वर्षांचा पोरगा, शिडं शिवण्याच्या कारखान्यात. गुन्हा त्याच्या तोंडून: 'शेजारी काम करणाऱ्याच्या पेटीतून बूट आणि कोट चोरला.' शिक्षा सात वर्षं.

मी ह्यांना सांगितलं. हे भांडी पुसत होते. म्हणाले, "अगं, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस आहे तो. कशाला सांगतेस? कुणाचं काय बिघडलंय?"

"चूक आहे ती, अहो."

"असेल. तुझं मन हलकं होईल, त्याचं जड होईल. एवढंच होणार."

मुलगा त्या दिवशी जेवायला आला होता. तो मराठी समजतो, पण बोलतो जर्मनच. तो जर्मनमध्ये म्हणाला, "आई, ते त्यांचे पूर्वज आहेत. तुझे नाहीत." कुणाच्या बाजूने बोलला ते मला अजून कळलेलं नाही, पण मी जायचं ठरवलं ते त्याच्या बोलण्यामुळे.

आल्टेनहाइममधली खोली लहान होती. पलंग, खुर्ची, व्हेलचा दात आणि भिंतीवर फ्रेम. मी दहा मिनिटं हवापाण्यावर बोलले. मग सांगितलं.

"म्हणजे हा माझा नाही?" त्यांनी फ्रेमकडे बोट केलं.

"नाही."

"मग माझा कोण?"

मी सांगितलं. गुन्हा विचारला, तोही वाचून दाखवला. 'शेजारी काम करणाऱ्याच्या पेटीतून' हे शब्द मी पानावरची नजर न उचलता जर्मनमध्ये सांगितले. ते फ्रेमकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता तुम्ही जा, फ्राऊ देवस्थळी."

मी फ्रेम घेऊन जाऊ का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. फ्रेम तशीच ठेवून मी निघाले. बाहेर पाऊस होता, तो इथे असतोच. बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, हे म्हणाले तेच खरं. मी माझं ओझं उतरवून एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवून आले. त्या आठवड्यात मी हातातली बाकीची कामं दुसऱ्यांना देऊन टाकली. डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे बरे आहेत माझे.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "मॉइन" नाही की काही नाही. म्हणाले, "क्रेनवरून माल पडला, तर कुणाची चूक ते आम्ही नंतर बघायचो. आधी बघायचो, पडला कसा. तुमचा माल कसा पडला ते मला सांगा. समोर येऊन."

मी गेले. मधल्या नावाची सगळी कथा सांगितली, माझ्या दाढांसकट. हेर देवस्थळी म्हणून मी उठते, तिथे ते हसले. मग विचार करत म्हणाले, "आल्झो, म्हणजे तुमच्या हिशोबाने मी कोण?"

"वडिलांचं नाव काय तुमच्या?"

"कार्ल."

"मग उवे कार्ल बेन्के."

"उवे कार्ल." त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग खिडकीकडे बघत विचारलं, "आणि भाऊ असेल तर?"

मी सावध झाले. "भावाभावांचं मधलं नाव एकच असतं. बाप एक, म्हणून. हाइन्त्स कार्ल बेन्के."

खोलीत कॉफीची गाडी येऊन गेली. मग ते म्हणाले, "त्याने बापाला पाहिलंच नाही हो. दोन वर्षांचा होता. मला विचारायचा, बाबा दिसायचे कसे? मलाही धड आठवायचं नाही. मी काहीतरी ठोकून द्यायचो." आणि एकदम, "त्या पोराने, टॉमसने, पुढे कधी चोरी केली?"

मी पान आणलं होतं. "नाही. एकदा मुकादमाला उलट बोलला. एकदा कामावर उशिरा आला. एवढंच आहे. सुटल्यावर व्हेलच्या जहाजांवर शिडं शिवली, मग इथे आला. नऊ मुलं झाली."

"सात वर्षं म्हणालात?"

"सात."

"सात," ते म्हणाले. "राजाने त्याला सात वर्षं दिली. मी हाइन्त्सला अठ्ठावन्न."

त्यांनी डोळे पुसले, बाहीला. "शोधा त्याला. माणसं शोधायचंच काम करता ना तुम्ही?"

मी काम सोडलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. दोनशे वर्षांपूर्वीची माणसं शोधण्यात आयुष्य गेलं, जिवंत माणूस शोधायची ही पहिलीच वेळ होती. नाव, जन्मतारीख, शेवटचं माहीत असलेलं शहर. रहिवाशांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयांना पत्रं पाठवली. जानाला मी रोज लिहायची, 'अजून काही नाही'. मनातून मला खात्री होती की सापडेल. इतक्या वर्षांत कधी देवाला साकडं घातलं नव्हतं मी कामासाठी, ते घातलं.

तिसऱ्या शहराकडून उत्तर आलं. तीन ओळींचं. हाइन्त्स बेन्के दोन हिवाळ्यांपूर्वी वारले होते.

तेही मलाच जाऊन सांगावं लागलं. त्या खोलीत मी तिसऱ्यांदा बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "कुणी होतं का सोबत?" मी चौकशी केली होती. एक शेजारीण होती, तिनेच सगळं बघितलं. त्याच्या मागे कुणी नव्हतं. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं की थडगं नको, नाव नको. इथे तशी सोय असते. हिरवळीच्या मोठ्या तुकड्यात अस्थिकलश पुरतात आणि वर गवत वाढू देतात.

एप्रिलमध्ये जाना, मी आणि चाकांच्या खुर्चीत हेर बेन्के, असे तिथे गेलो. ट्रेनने दोन तास. दफनभूमीच्या माळ्याने हात फिरवून दाखवलं, "त्या कुंपणापासून या कुंपणापर्यंत. नक्की कुठे ते मलाही माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं." बेन्केंनी टोपी काढली. जानाने छत्री धरली तर ती त्यांनी बाजूला सारली. त्या हिरवळीवर ते काहीतरी शोधत होते, उजवीकडून डावीकडे, हळूहळू, जसं मी पान वाचते तसं. मग म्हणाले, "मॉइन, हाइन्त्स." आणखी काही बोलले असतील तर ते मनात.

परतताना ट्रेनमध्ये त्यांनी मला सांगितलं, "भिंतीवरचा तो यंत्रफोड्या तिथेच राहू दे. त्याला तरी दुसरं कोण आहे? पण शेजारी आमच्या चोराचंही पान लावा. नीट छापून." मी छापून दिलं. या वेळी सगळे कागद शेवटपर्यंत वाचून.

गेल्या हिवाळ्यात हेर बेन्के गेले. जानाने कळवलं तेव्हा आम्ही पुण्यात होतो, अंत्यविधीला पोचता आलं नाही. ते मनाला लागून राहिलंय. माझ्या चुकीमुळे त्यांचं भलं झालं की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. आधीच बरोबर माणूस सापडला असता, तर हाइन्त्स तेव्हा जिवंत होता. हा हिशोब मी रोज करते आणि तो रोज तेवढाच येतो. हे म्हणतात, "अगं, तेव्हा त्यांनी ऐकलं असतं का?" मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात जानाकडून एक फोटो आला. थडग्यावरचा दगड बसवून झाला होता. आजोबांनी कागदावर जसं लिहून ठेवलं होतं, तसंच तिने कोरून घेतलं. वरच्या ओळीत उवे कार्ल बेन्के. खाली, जो तिथे नाही त्याचं नाव, हाइन्त्स कार्ल बेन्के. दोघांच्याही जन्मनोंदीत 'कार्ल' नाही. मी स्वतः त्या पाहिल्यात. शंभर वर्षांनी माझ्यासारखंच कुणीतरी हा दगड वाचेल, हाइन्त्स कार्लचा जन्म शोधत बसेल, तो सापडणार नाही आणि दगड कोरणाऱ्याला शिव्या घालेल.

फोटोखाली जानाने विचारलं होतं, 'नावं बरोबर आहेत ना?' तीस वर्षांत पहिल्यांदाच मी एकही कागद न काढता उत्तर पाठवलं. गेनाऊ.